अठरा तांबे पाणी

"तुम्ही अजून काहीच विचारलं नाहीत त्यांना," प्रशिक्षक म्हणाला.

"त्याची अंघोळ चाललीय अजून," मावशी म्हणाली.

वर्गातले सगळे हसले. पेशंटचं सोंग घेऊन खुर्चीवर बसलेला ग्रंथालयाचा पहारेकरी तर सगळ्यात मोठ्यानं हसला. गेली दहा मिनिटं तो डोकं हातात धरून उसासे टाकत होता. समजा, हा माणूस तुमच्या कामाच्या ठिकाणी आलाय, आता त्याच्याशी बोलायला सुरुवात करा, असं प्रशिक्षकानं सांगितलं होतं. मावशीचं कामाचं ठिकाण म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. तिनं पहारेकऱ्याच्या हातात खोटीखोटी किल्ली दिली, खोटीखोटी साबणाची वडी दिली, आणि त्याच्याकडे पाठ करून ती आपली गप्प बसून राहिली. तीस वर्षं ती हेच करत आली होती. प्रशिक्षकाला ते कसं सांगावं, हे मात्र तिला उमगेना. त्यानं हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढच्याला बोलावलं.

मधल्या सुट्टीत पहारेकरी चहाचे दोन पेले घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. माझी तर खरंच अंघोळ झाल्यासारखं वाटलं."

या वर्गात मावशी कशी येऊन पडली, तीही एक गोष्टच होती. गावात उघड्यावर राहणारी तीन-चारशे माणसं, आणि त्यांच्या मनाच्या दुखण्याला सगळी मिळून माणसं दोन. एक डॉक्टर, ते दुसऱ्या गावाहून फक्त सोमवारी यायचे. दुसरी नर्स. तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे, धाकटी कधी आलीच नव्हती तरी. सत्तावीस वर्षं खांद्याला पिशवी लावून सिस्टर पुलाखाली, डेपोत, गोदामांच्या वळचणीला फिरल्या. गुडघे गेले, तरी खात्याला दुसरी नर्स काही मिळेना. शेवटी सिस्टरनीच वरच्या साहेबांना ऐकवलं. शिकलेली माणसं येत नाहीत ना, मग या लोकांना रोज भेटणारी जी माणसं आहेत, त्यांनाच शिकवा. म्हणून हे बारा 'सोबती' निवडले गेले होते. त्यात ग्रंथालयाचा पहारेकरी होता, डेपोतला सफाईवाला होता, फुकट जेवण वाढणाऱ्या दोघी होत्या, आणि सिस्टरनी स्वतःच्या हातानं पहिलं नाव लिहिलं होतं ते मावशीचं.

मावशीनं आधी साफ नकार दिला होता. आपण सातवी शिकलेलो, आणि त्यातही गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या. वर एकसष्टावं लागलेलं. लेक केव्हाची मागे लागली होती, आता पुरे झालं, आमच्याकडे ये म्हणून. महिन्याभरात जायचं ठरलंही होतं. सिस्टर सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "महिना तर महिना. तुम्ही शिका तरी. तुम्हाला जे येतं ते मला सत्तावीस वर्षांत आलं नाही."

"मला काय येतं? पाणी देता येतं."

"तुम्हाला ऐकता येतं," सिस्टर म्हणाल्या.

हे सिस्टरना कसं कळलं, ते काही मावशीनं विचारलं नाही.

कारण ती खरंच ऐकायची. दाराबाहेर स्टुलावर बसून, तोंड रस्त्याकडे करून, आत पाणी कसं पडतंय ते ती ऐकायची. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. लग्न होऊन ती या स्नानगृहाच्या मागच्या खोलीत आली तेव्हा नवरा बंबावर होता. तो मोठा बंब होता, माणूस उभा राहील एवढा. पहाटे त्यात लाकडं घालून तो पाणी तापवायचा, आणि उजाडायच्या आत बाहेर रांग लागायची. गिरणीचे कामगार, हमाल, छापखान्यातले खिळे जुळवणारे, एकेका खोलीत दहा-दहा जणांनी राहणारी कुटुंबं. बायकांच्या दिवशी तर नुसता कल्ला असायचा. पोरींच्या वेण्या तिथंच घातल्या जायच्या, लग्नं तिथंच जमायची आणि तिथंच मोडायचीही. साबणाच्या वासात आणि लाकडाच्या धुरात मावशीचं तरुणपण गेलं. तो वास नुसता आठवला तरी आजही तिचे डोळे चुरचुरायचे. धुरानं, असं ती म्हणायची. बंब काढून गिझर बसवल्याला पंधरा वर्षं झाली होती, तेव्हा धुराचं कारण कुणाला पटत नसे.

तेव्हा नवरा तिला म्हणायचा, "पाण्यावरनं माणूस कळतं बघ. घाई असली की भसाभस पडतं. भांडून आलेलं माणूस पहिला तांब्या आपटून ओततं. नव्यानं प्रेमात पडलेलं तर बाहेरच येत नाही." त्याला सगळे इंजिनसाहेब म्हणायचे, कारण बंबाच्या काजळीनं त्याचं तोंड कायम काळं असायचं आणि ऐट मात्र साहेबाची. त्याच्या या बोलण्यावर ती हसायची. हळूहळू तिलाही ते ऐकू यायला लागलं.

पुढे घरोघरी न्हाणीघरं झाली. गिरणी बंद पडली. रांग आखडत गेली आणि शेवटी ज्यांना घरच नाही तेवढीच माणसं उरली. नवरा म्हणाला, "आता खरं गिऱ्हाईक उरलं." तेव्हापासून दोघांनी एक नियम केला. किल्ली द्यायची, साबण द्यायचा, आणि नाव-गाव काही विचारायचं नाही. आत कुणी रडलं, बडबडलं, स्वतःशी भांडलं, तरी बाहेर आल्यावर आपल्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दाराआडचं दाराआड. पाणीही कुणाचं मोजायचं नाही. त्या नियमाचा दोघांना फार अभिमान होता. माणसं त्यामुळेच येतात, असं नवरा म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एकदा तो नियम महागात पडला. नवरा गेला त्याच्या आधी दोन वर्षं एक बाई यायची. तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती शाळेत म्हणायच्या कविता आत म्हणायची, चालीवर, एकही ओळ न चुकता. साबण तिचा स्वतःचा असायचा, डबीत जपून ठेवलेला. एका हिवाळ्यात कविता थांबल्या. मग तांब्याचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहायचा, बादली भरून वाहून जायची, आणि आत बाई नुसती उभी. अर्ध्या तासानं ती कोरडीच बाहेर यायची आणि "येते" म्हणून निघून जायची.

मावशीनं हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की आपण पाणी द्यायचं, बाकीचं आपलं काम नव्हे. सिस्टरना सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण सिस्टर त्या महिन्यात तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या, डॉक्टरांचा सोमवार पावसात बुडाला होता, आणि तिसरं माणूसच नव्हतं. एका मंगळवारी मास्तरीण साबणाची डबी आतच विसरून गेली. ती पुन्हा आली नाही. कुणी म्हणालं कालव्याच्या बाजूला जाताना दिसली. त्यापुढचं मावशीनं विचारलं नाही. आपण विचारलं नाही, हे मात्र ती कधी विसरली नाही.

आणि आता कंडक्टरीण.

कंडक्टरीण सात वर्षं येत होती, मंगळवारी आणि शुक्रवारी, बायकांच्या दोन्ही दिवशी. पन्नाशीची, उंच, ताठ बाई. कधीकाळी ती खरंच बसवर होती म्हणतात. रांगेत उभी राहिली की मागच्या-पुढच्यांना हुकूम सोडायची, "पुढे सरका, पुढे जागा आहे." समोर भिंत असली तरी पुढे जागा आहेच. बायका हसायच्या आणि सरकायच्याही. चार नंबरची न्हाणी तिची ठरलेली. आत गेली की ती तांबे मोजायची, तेही मोठ्यानं. स्नानगृहाच्या बादलीत बरोबर अठरा तांबे पाणी बसतं. एक, दोन, तीन करत ती अठरावर आली की बाहेरच्या बायकाही तिच्या सुरात सूर मिळवून अठरा म्हणायच्या. नव्या बायकांना वाटे, ही काय वेडी आहे. जुन्या म्हणायच्या, वेडी असेल, पण हिच्याइतकी स्वच्छ तुमच्यात कोण आहे सांगा.

प्रशिक्षणाचा दुसरा आठवडा चालू असताना कंडक्टरीण मोजायची थांबली. पहिल्या दिवशी मावशीला वाटलं घसा बसला असेल. दुसऱ्या वेळी तांब्याचा आवाजही आला नाही. नळ चालू, बादली वाहतेय, बाकी सगळं गप्प. तो आवाज मावशीनं अकरा वर्षांपूर्वी ऐकला होता.

मग तिनं चूक केली. दुसऱ्या कुणी केली नसती अशी चूक, आणि तीही चांगल्या विद्यार्थिनीसारखी.

वर्गात सगळ्यांना एक कार्ड मिळालं होतं. नऊ प्रश्नांचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, पाण्यानं भिजू नये असं. मावशीनं ते रात्री जागून पाठ केलं होतं. गणितात गेलेली इभ्रत या वयात परत मिळवायची, असं काहीतरी तिच्या मनात असावं. प्रशिक्षकानं बजावलं होतं की शंका आली तर थांबू नका, सरळ विचारा. तेव्हा तिसऱ्या वेळी, शुक्रवारी, नळाचा तो एकसुरी आवाज ऐकवेना तशी ती स्टुलावरून उठली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं न्हाणीचं दार वाजवलं.

"कंडक्टर," ती म्हणाली, आणि आतून काहीच आलं नाही तसा तिनं आवाज चढवला. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास, निराश किंवा हताश वाटलं का?"

ओळीत सहा बायका उभ्या होत्या. सहाही वळून बघायला लागल्या. मावशी आयुष्यात कुणाला 'हताश' म्हणाली नव्हती, आणि कंडक्टरणीला 'तुम्ही' तर मुळीच नाही. आतला नळ बंद झाला. दार उघडलं. कंडक्टरीण अर्धे ओले केस तसेच बांधून बाहेर आली. तिनं मावशीच्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं, मग त्या सहा जणींकडे. किल्ली स्टुलावर ठेवली.

"पुढे सरका," ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

मंगळवारी ती आली नाही. पुढच्या शुक्रवारी आणि त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. मधल्या बुधवारी वर्गाचा समारोप झाला, साहेबांनी हात मिळवून प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजल्या. मावशीला ते घडी करून कुठे ठेवावं ते सुचेना. लेकीला फोनवर सांगितलं तर ती खूश झाली. म्हणाली, फ्रेम करून तुझ्या खोलीत लावू, आणि शनिवारी जावई गाडी घेऊन येतायत, सामान तयार ठेव.

मावशी सिस्टरकडे गेली आणि सगळं सांगितलं. मास्तरणीचंही सांगितलं, जे आजवर नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. सिस्टर गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. रागावतील असं तिला वाटलं. खरं तर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिल्या वर्षी मी एका माणसाला विचारलं होतं, तुम्हाला कानात आवाज ऐकू येतात का?" सिस्टर म्हणाल्या. "तो म्हणाला, सध्या तुमचाच येतोय."

मावशीला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. सिस्टरनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या की कार्ड वाईट नाही, पण ते खिशात ठेवायचं असतं, हातात नाही. आणि हेही म्हणाल्या की मास्तरणीच्या वेळी तुम्ही चुकला नाहीत, तुम्हाला सांगायला माणूस नव्हतं. आता बारा आहेत. डेपोवाल्याला विचारा, त्याला सगळे बाक माहीत असतात.

गुरुवारी स्नानगृह धुण्यासाठी बंद असतं. मावशीनं भराभर फरश्या घासल्या आणि ती डेपोत गेली. सफाईवाल्याला फार विचारावं लागलं नाही. बंद गिरणीच्या भिंतीला लागून एक जुना बसथांबा आहे, तिथं आता बस जात नाही, कंडक्टरीण आठवडाभर तिथंच बसून असते, असं त्यानं सांगितलं. मी दोनदा चहा ठेवून आलो, म्हणाला, पहिला प्याली, कालचा तसाच होता.

मावशी चालत निघाली. तीस वर्षं तिनं या माणसांच्या हातून किल्ली परत घेतली, पण किल्ली देऊन ती कुठे जातात हे तिला माहीत नव्हतं. आज त्याच वाटेनं ती जात होती. छापखान्याच्या जागी मोबाइलची दुकानं होती. लाकडाची वखार होती तिथं नवरा तिला एकदा घेऊन आला होता, कुठलं लाकूड धूर करतं आणि कुठलं नाही ते दाखवायला. हातात हात घेऊन नव्हे, पण जवळजवळ चालत. वखारीच्या जागी आता गाड्या धुतल्या जात होत्या. गिरणीचा भोंगा तिला ऐकू आल्यासारखा वाटला. त्या भोंग्यावर अख्खं गाव अंघोळ करायचं, जेवायचं, झोपायचं. किती माणसं होती तेव्हा. आणि प्रत्येकाला हाक मारणारं कुणी ना कुणी होतं, असं तिला वाटलं. तसं ते नसेलही.

थांब्याचं छप्पर निम्मं उडालं होतं. कंडक्टरीण बाकाच्या एका टोकाला बसली होती, ताठ, मांडीवर गाठोडं घेऊन. केस तसेच अर्धवट बांधलेले. मावशीला पाहून तिनं मान वळवली.

मावशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिच्यासारखंच रस्त्याकडे बघू लागली. काही विचारलं नाही. या वेळी ते नियमासाठी नव्हतं. काय बोलावं ते तिला खरंच सुचत नव्हतं. ऊन रस्त्यावरून सरकत त्यांच्या पायांपाशी आलं. एक फुगेवाला गेला, मग शाळेतून परतणाऱ्या पोरांचा लोंढा गेला. मावशीची पाठ दुखायला लागली, पण ती उठली नाही.

अखेर तीच बोलली. "मी ऐकते," ती म्हणाली. "दाराबाहेर बसून. सगळ्यांचं ऐकते. इतकी वर्षं ऐकतेय आणि साळसूदपणे तोंड फिरवून बसतेय. तुझंही ऐकलं. त्या दिवशी बायकांसमोर ओरडले ते चुकलं माझं. पण नुसता नळ ऐकवेना मला."

कंडक्टरणीनं मांडीवरचं गाठोडं सावरलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू ऐकतेस ते. म्हणून तर मोठ्यानं मोजायचे. नाहीतर अठरा तांबे मोजायला मला काय वेड लागलंय?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. सात वर्षं, आठवड्यातून दोनदा. आपण चोरून ऐकतोय असं ती समजत होती, आणि आतलं माणूस तिच्यासाठीच बोलत होतं. ही बाई एवढंच कळवत होती, की मी आहे. आजही आहे.

"मग थांबवलंस का?"

"सगळंच थांबत चाललंय," कंडक्टरीण म्हणाली. तिच्या आवाजात कसलाच चढ-उतार नव्हता. "हात उचलत नाही. तांब्या जड होतो. म्हटलं, बघू तरी, मोजलं नाही तर कुणाला कळतं का. तुला कळलं. पण तू तो कागद घेऊन आलीस. म्हटलं, हीपण आता नोंदी करायला लागली."

"आज कागद नाही माझ्याजवळ," मावशी म्हणाली. "सिस्टर आहेत. डॉक्टर आहेत. मी येते तुझ्याबरोबर."

"डॉक्टर कधी असतो?"

"सोमवारी."

"आज काय वार?"

"गुरुवार."

कंडक्टरणीनं गाठोड्यावरचा हात घट्ट केला. "शुक्रवार, शनिवार, रविवार," ती म्हणाली. "तेवढं मला नाही जमायचं, मावशी."

ती काय म्हणतेय ते मावशीला पुरतं कळलं. वर्गात शिकवलं होतं की अशा वेळी घाबरायचं नाही, आडून विचारायचं नाही. जीव द्यायचं मनात येतं का, असं तिनं विचारलं, हळू आवाजात, आपल्या रोजच्या शब्दांत. कंडक्टरणीनं मान हलवून हो म्हटलं. मावशी तिच्याजवळ सरकली.

"एकटीला नाहीच जमायचं," ती म्हणाली. "आपण सगळे मिळून काढू. ऊठ."

ती लगेच उठली नाही. ऊन बाकावर येईपर्यंत बसली आणि मग उठली. मावशीनं गाठोड्याला हात लावला नाही. ज्याचं त्यानं उचलायचं असतं.

संध्याकाळी स्नानगृहाच्या मागच्या खोलीत सिस्टर गुडघे सांभाळत येऊन पोचल्या. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर कंडक्टरणीशी बोलले, सिस्टरना औषध सांगितलं, आणि काही वाटलं तर सरळ मोठ्या दवाखान्यात आणा, सोमवारची वाट बघू नका, म्हणाले. मग सिस्टरनी पाळ्या लावल्या. उद्या दुपारी डेपोवाला येऊन बसेल. शनिवारी पहारेकरी. रविवारी जेवण वाढणाऱ्या दोघी. पहारेकऱ्यानं निरोप पाठवला होता की मी गप्प बसण्याचा सराव करून येतो. कंडक्टरीण हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "आणि मावशी?"

"मावशी शनिवारी लेकीकडे जातायत," सिस्टर म्हणाल्या. खरं तेच त्या बोलल्या. "पण माणूस कायम असेल इथे. दहा पावलांवर कुणी ना कुणी."

कंडक्टरणीनं मान डोलावली. समजूतदारपणे, बसमधून आपला थांबा आल्यावर उतरणाऱ्या उतारूकडे बघावं तसं तिनं मावशीकडे बघितलं.

अंथरायला काही हवं होतं. खोलीतलं सगळं अंथरूण-पांघरूण मावशीनं कालच एका मोठ्या चादरीत बांधून दाराशी ठेवलं होतं. प्रवासात सुटू नये म्हणून गाठ तिनं भिजवून, गुडघा रोवून आवळली होती. आता ती सुटेना. नखं मोडली. सिस्टर खुर्चीवरून वाकल्या आणि त्यांनीही बोटं घातली. दोघी म्हाताऱ्या डोक्याला डोकं लावून त्या गाठीशी झटत बसल्या. "कापूया का?" सिस्टरनी विचारलं. मावशी नको म्हणाली. शेवटी गाठ तिनं दातांत धरून सोडवली. वरची गोधडी नवऱ्याची होती. ती तिनं झटकली आणि भिंतीजवळ अंथरली. कंडक्टरीण त्यावर कुशीला वळून निजली आणि थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. ती उत्साहानं सांगत होती की तुझ्या खोलीला निळे पडदे लावलेत, खिडकीतून झाड दिसतं, न्हाणीघर खोलीतच आहे, आता तुला अंघोळीला बाहेर जायला नको. नात मागून ओरडत होती, आजीला सांग मी तिच्याजवळ झोपणार. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. ते सगळं तिला हवं होतं. इतकं हवं होतं की दोन्ही हातांनी फोन धरावा लागला.

"आई, ऐकतेयस ना?" लेक म्हणाली. "बांधाबांध झाली का तुझी?"

मावशीनं गाठ सुटून जमिनीवर पसरलेल्या चादरीकडे बघितलं.

"झाली होती," ती म्हणाली.